माती आमची, जागा परक्याची

माझी मोहगावात पिठाची चक्की आहे. डबा ठेवून निघून जाणारे थोडे; बहुतेक बाया पीठ होईपर्यंत बाकावर बसतात आणि बोलतात. चक्कीच्या घरघरीत बोलायचं म्हणजे ओरडूनच बोलावं लागतं, त्यामुळे इथं कुणाचंच काही गुपित राहत नाही. आमच्या गल्लीची भाजीची बाग अशीच ओरडाओरडीतून निघाली. कुणीतरी म्हणालं, वीस रुपयांत एवढंसं सांबार, म्हणजे कोथिंबीर, देतात. दुसरी म्हणाली, माझ्या सासूच्या काळात सांबार विकत आणणारीला लोक आळशी म्हणत. तिसरीला वाटलं हे आपल्यालाच उद्देशून आहे. वाद वाढला, माझं लक्ष उडालं, पीठ जाड निघालं आणि बाग ठरली.

आमचा पत्ता थोडा गुंत्याचा आहे. राज्य मध्य प्रदेश, तहसील सौंसर. जिल्हा पिढ्यान्‌पिढ्या छिंदवाडा होता, ऑक्टोबर 2023 पासून पांढुर्णा झाला. कागदावर गावाचं नाव मोहगाव हवेली. सर्पा नदीकाठचं अर्धनारीश्वराचं देऊळ ज्यांना माहीत आहे, त्यांना वेगळी ओळख सांगावी लागत नाही. अर्ज हिंदीत करतो, भांडतो मराठीत आणि लग्नाचा बस्ता नागपूरला फाडतो. भोवताली संत्र्याचे बगीचे आणि पऱ्हाटी. एवढी काळी कसदार जमीन असून भाजी मात्र बाजारातून येते, कारण वावरात जे लावायचं ते विकायसाठी, असा हिशेब पक्का झालाय.

पूर्वी खायची भाजी वावरात नसायचीच, ती घरामागच्या सांदवाडीत असायची. न्हाणीचं पाणी जिथं मुरतं तिथं अळू आणि मिरचीची रोपं. कुडाच्या भिंतीला पोपटीचा वेल. कवेलूच्या छपरावर कोहळ्याचा वेल चढवलेला, आणि पावसाळा सरला की छपरावर पिवळी कोहळी बसलेली. घरावर स्लॅब पडला, मागं फरशी आली, न्हाणीचं पाणी नालीत गेलं आणि सांदवाडी संपली. यात दोष कुणाचा नाही. पक्कं घर सगळ्यांनाच हवं होतं, मलाही. पण भाजीला जागाच उरली नाही, आणि एकेका घराजवळ जी उरली ती तुळशीच्या कुंडीपुरती. म्हणून बाग करायची तर मिळूनच करावी लागणार होती. हौसेपेक्षा अडचण मोठी होती.

जागा मिळाली ती एका पडक्या घराची. मालक नागपूरला राहायला गेलेले, मातीच्या भिंती बसलेल्या, आत बेशरम आणि गाजरगवत. फोन केला, ते म्हणाले, "करा जी काय करायचं ते, निदान साप तरी कमी होतील." लेखी काही नाही, भाडं काही नाही. मालकाला बांधायचं असेल तेव्हा सोडायची, एवढीच अट.

आमच्याकडे जमिनीचे दोन भाग मानतात, काळी आणि पांढरी. काळी म्हणजे वावर, पांढरी म्हणजे वस्ती. जुन्या भिंतींची पांढरी माती पूर्वी गाड्या भरभरून वावरात नेऊन टाकत, हे गल्लीतल्या एका आजींना ठाऊक होतं. माणसांचा आणि जनावरांचा पिढ्यान्‌पिढ्यांचा वावर त्या मातीत मुरलेला, म्हणून ती खताच्या तोलाची. आम्हाला वाटलं, मग काय, लावली की उगवलीच. उगवली नाही. भिंतीच्या मातीत विटांचे तुकडे, चुना, प्लॅस्टिक. पाणी घातलं की वर पापुद्रा धरायचा आणि खाली कोरडंच. तेव्हा पहिलं काम ठरलं ते माती करायचं. भाजी नंतर.

इथं श्रीपाद अच्युत दाभोळकरांचं नाव घ्यायला हवं. पुढच्या पिढीला दाभोळकर म्हटलं की अंधश्रद्धा निर्मूलनवाले डॉ. नरेंद्र आठवतात, हे त्यांचे थोरले भाऊ. कोल्हापूरकडचे, गणिताचे माणूस. 2001 साली गेले. त्यांनी प्रयोग परिवार नावाचं एक जाळं उभं केलं. त्यात कुणी तज्ज्ञ नाही आणि कुणी शिष्य नाही. ज्यानं आपल्या वावरात काही करून पाहिलं त्यानं ते दुसऱ्याला कळवायचं, दुसऱ्यानं करून पाहायचं आणि फरक पडला तर उलट कळवायचं. मोबाइल नव्हते, हे सगळं पत्रांवर आणि भेटींवर चालायचं. सांगली-तासगावच्या द्राक्षबागायतदारांना या परिवाराचा मोठा आधार झाला. "विपुलाच सृष्टी" या त्यांच्या पुस्तकातलं मुख्य म्हणणं असं, की थोड्या जागेत एका कुटुंबाचं भागू शकतं. मात्र त्यासाठी ऊन, पानं आणि माती यांचा हिशेब नीट मांडायला हवा. पान हा उन्हाचा कारखाना. ज्या जमिनीवर ऊन नुसतं पडून वाया जातं, ती जमीन रिकामी बसलेली, मग मालक कितीही मोठा असो. संत्र्याच्या दोन ओळींमधली उघडी जमीन बघितली की मला आता हेच आठवतं आणि आमच्या घरच्या पुरुषांना ते आवडत नाही.

दाभोळकरांच्या तालमीतले दीपक सचदे पुढं आमच्याच राज्यात, देवास जिल्ह्यात नर्मदाकाठच्या बजवाड्याला येऊन राहिले आणि तिथं त्यांनी ही पद्धत रुजवली. तिचा पाया म्हणजे अमृत जल आणि अमृत माती. नावं भारदस्त आहेत, काम शेणाचं आहे.

अमृत जल असं करतात. 10 लिटर पाण्यात 1 किलो ताजं शेण, 1 लिटर गोमूत्र आणि 50 ग्रॅम गूळ. काडीनं दिवसातून तीन वेळा ढवळायचं, दर वेळी 12 फेरे उजवीकडून आणि 12 डावीकडून. असं तीन दिवस. चौथ्या दिवशी ते 100 लिटर पाण्यात मिसळलं की वापरायला तयार. गूळ कशाला? शेणातल्या जिवाणूंना चटकन खाता येईल असं काही हवं, म्हणून. ढवळायचं कशाला? त्यांना हवा मिळावी, म्हणून. नाहीतर सडतं आणि वास मारतो. 12 फेरेच का, याचं मला पटेल असं उत्तर कुणी दिलं नाही. अकरा फेऱ्यांनी बिघडलेलं पाणीही मी पाहिलेलं नाही. आमच्यात एक काकू फेरे मोठ्यानं मोजतात, आणि त्या मोजतात म्हणूनच ते तीन वेळा नेमानं होतं. तेव्हा मोजावं.

मग या पाण्यात वाळका पालापाचोळा दिवसभर भिजवायचा आणि थरावर थर देत ढीग घालायचा, मधेमधे मूठ-मूठ माती. दर आठवड्याला ढीग परतायचा. महिनाभरानं त्यावरच निरनिराळ्या चवीचं बी पेरायचं: कडू मेथी, आंबट अंबाडी, तिखट मोहरी, गोड बडीशेप, जे घरात असेल ते. रोपं 21 दिवसांची झाली की थोडी खुडून तिथंच टाकायची, 42 दिवसांनी आणखी थोडी, 63 दिवसांनी उरलेली सगळी. कोवळं पान, जून पान आणि वाळकी काडी यांत झाडानं वेगवेगळं साठवलेलं असतं. तिन्ही मातीत गेली की मातीला पुरा आहार मिळतो, असा त्यामागचा विचार. सुरुवातीपासून हा शेवटचा पाला कुजेपर्यंत धरलं तर साडेचार महिने जातात. साडेचार महिने एकही शेंग हातात न पडता ढीग परतत राहायचा, हे एकट्या बाईच्यानं होत नाही. मला विचाराल तर आमच्या बारा घरांच्या मंडळाची खरी गरज इथंच आहे. वांगी लावायला कुणाचीच मदत लागत नाही.

शिवाय ढिगाला माल लागतो, आणि तो कुणा एका घरात नसतो. बारा घरांचा मिळून होतो. माझ्या चक्कीतून कोंडा आणि चाळणीवरचं भुसकट. एकीकडून तुरीचं कुटार. एकीच्या गोठ्यातलं शेण-गोमूत्र. उन्हाळ्यात रसवंतीवरचा उसाचा चोथा, जो ते लोक रस्त्याच्या कडेला टाकत आणि गाई चघळत. या चोथ्याची किंमत आम्हाला आधी माहीत नव्हती. मुंबईत वांद्र्याला रमेश दोशी नावाच्या गृहस्थांनी आपल्या गच्चीवर प्लॅस्टिकच्या पिशव्यांत हाच चोथा दाबून त्यावर फळं-भाज्या, अगदी ऊससुद्धा पिकवून दाखवला होता. त्यांच्यावरून सुचलं म्हणून मुंबई पोर्ट ट्रस्टच्या कँटीनमधल्या अधिकारी प्रीती पाटील यांनी 2002 च्या सुमारास स्वयंपाकघराच्या गच्चीवर ओल्या कचऱ्याची माती करायला घेतली. रोज हजारो माणसांचा स्वयंपाक होणारं कँटीन ते. तिथल्या भाजीच्या सालींची गच्चीत माती झाली आणि मातीतून पेरू, चिकू, पालक असं जंगल उभं राहिलं. पुढं त्यातूनच 2009 मध्ये अर्बन लीव्ह्ज हा गट तयार झाला आणि सुटीच्या दिवशी शहरातली माणसं माती चिवडायला येऊ लागली. मुंबईत जागेचा दुष्काळ, आमच्याकडे पाण्याचा; माती करण्याची रीत दोन्हीकडे सारखीच.

संत्र्याच्या मुलखात एक गोष्ट मात्र सांभाळावी लागते. गळालेली, डागी संत्री पोत्यांनी मिळतात आणि सगळी ढिगात लोटायचा मोह होतो. त्यांच्या सालीत तेल असतं, ते गांडुळांना मानवत नाही. गरम ढिगात, वाळक्या पाल्यात मिसळून थोडी थोडी टाकली तर चालतात. गांडूळखताच्या टाक्यात भसाभस ओतली तर गांडुळं वर येऊन पळायला बघतात. ढीग गरम आहे की नाही ते बघायला आम्ही लोखंडी सळई खुपसून ठेवतो. थोड्या वेळानं बाहेर काढली आणि मुठीत धरवली नाही, तर आत काम चालू आहे. साठ अंशांच्या आसपास गरमी धरली की गाजरगवताचं बीसुद्धा मरतं. सळई गार निघाली तर एक तर पाणी कमी किंवा ओलं सामान कमी. ओल्यापेक्षा वाळकं दुपटी-तिपटीनं जास्त, हा अंदाज हाताला बसतो.

दुसरी काळजी पऱ्हाटीची. कापूस निघाला की पऱ्हाट्या उपटून जळणाला रचायच्या, नाहीतर कुंपणाला लावायच्या, ही इथली जुनी सवय. पण गुलाबी बोंडअळी त्या वाळक्या बोंडांत दबा धरून राहते आणि पुढच्या हंगामात बाहेर येते. म्हणून कृषी खातं सांगतं की पऱ्हाट्या गावात साठवू नका. आम्ही त्या कोयत्यानं वीतभर तोडून ढिगाच्या तळाला घालतो. तळाशी जाड काड्या असल्या की हवा खेळते आणि बोंडअळीचाही बंदोबस्त होतो.

ढिगावरून एकदा पेच आला तो देवाचा. श्रावणात घरोघरचं निर्माल्य निघतं, बेल, फुलं, दुर्वा. ढिगाला याहून चांगलं काय? पण आजी म्हणाल्या, "देवावरचं फूल गोमुतात टाकता काय वो?" यावर कुणी वाद घातला नाही. त्यांनाच सांगितलं, आजी, निर्माल्याचा थर तुम्ही द्या, तुम्हाला योग्य वाटेल तसा. त्या आता वेगळी टोपली घेऊन येतात, थर देतात, हात जोडतात आणि वरून माती स्वतः लोटतात.

माती तयार झाली तेव्हाचं सांगते. काळी, भुसभुशीत, मुठीत दाबली तर लाडू होतो आणि अंगठ्यानं टिचकी मारली तर सुटतो. वास पहिल्या पावसाचा. तिचे वाफे घातले. जून-जुलैत चवळी, दोडकी, लवकी, भेंडी, अंबाडी, मांडवावर पोपटी, उतरत्या बाजूला कोहळं. दसऱ्यानंतर मेथी, पालक, सांबार, भेदरं (टमाटे), मुळा, वांगी. पाणी खोडाशी ओतायचं नाही. झाडाची खाणारी पांढरी मुळं पानांच्या घेराखाली, कडेला असतात. पाणी तिथं द्यायचं. ही दाभोळकरांच्या पद्धतीतली साधी गोष्ट, पण हिच्यानं पाणी निम्म्यावर आलं. उघडी माती ठेवायची नाही, वर कुटार पसरायचं. आमच्या उन्हाळ्यात पारा पंचेचाळिसाला टेकतो. आच्छादनाखाली हात घातला की फरक कळतो.

आता किती निघतं ते. लोक इथं फुगवून सांगतात, मी सांगणार नाही, कारण माझ्याकडे काटा आहे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं 2024 च्या आहार मार्गदर्शनात माणशी रोज 400 ग्रॅम भाजी आणि 100 ग्रॅम फळ सांगितलं आहे. पाच माणसांच्या घराला म्हणजे दिवसाला 2 किलो भाजी. चक्कीच्या काट्यावर 2 किलो भाजी टाकून दाखवली तेव्हा बाया म्हणाल्या, "एवढी तं आमी दोन दिवसात बी खात नाई." खरं आहे. बारा घरांना एका पडक्या घराच्या जागेतून रोज 2 किलोप्रमाणे भाजी निघणं शक्य नाही आणि तसं सांगणारा खोटं सांगतो. बागेतून निघते ती मुख्यतः हिरवी पालेभाजी, शेंगा, मिरची, सांबार. म्हणजे नेमकं तेच, जे बाजारातून आणताना हात आखडतो. कांदे-बटाटे विकतच येतात. पावसाळ्यात तर तरोटा, घोळ, काटेमाठ आपसूक उगवतात. ते न लावता मिळतात म्हणून त्यांना कुणी भाजीच मानत नव्हतं. आता वाटणीत धरतो.

वाटणी! सगळी भांडणं तिथंच. ढीग परतायला चार जणी आणि तोडायला चौदा. कुणी पाहुणे आले म्हणून सकाळीच पोपटीच्या शेंगा ओरबाडून नेल्या. कुणाच्या नातवानं कच्ची भेदरं तोडली. नियम करावे लागले आणि ते चक्कीतल्या वहीत लिहिले. तोड ठरल्या दिवशी, ठरल्या वेळी, सगळ्यांदेखत. माल चक्कीच्या काट्यावर. सारखे वाटे, मग कुणाच्या घरी दोन माणसं असोत की आठ. या शेवटच्या नियमावर फार रण झालं. आठ माणसंवाली म्हणायची, मला जास्त हवं; दोन माणसंवाली म्हणायची, मग मी ढीग कमी वेळा परतते. शेवटी ठरलं की काम सारखं तर वाटा सारखा, आणि जिला नको असेल तिनं आपला वाटा जिला द्यायचा तिला द्यावा. आता दोन माणसंवाली आठ माणसंवालीला देते, पण स्वतःच्या हातानं देते. फरक मोठा आहे.

पाळ्यांचा घोळही सांगायला हवा. कागदावर सगळ्यांच्या पाळ्या सारख्या. प्रत्यक्षात जूनमध्ये पेरणी, ऑक्टोबरपासून कापसाची वेचणी, त्यातच संत्र्याच्या आंबिया बहाराची तोड. जिच्या हातात मजुरी आहे ती बागेला पाणी घालायला कशी थांबेल? आणि तिनं थांबावं असं आपण म्हणू तरी कसं? त्या महिन्यांत बाग आजींवर आणि माझ्यासारख्या बैठ्या धंद्यावाल्यांवर असते. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तर कुणाचीच पाळी लावत नाही. अर्धं गाव पांढुर्ण्याला गोटमारीची, म्हणजे दगडफेकीची, जत्रा बघायला गेलेलं असतं आणि उरलेलं अर्धं घरी काळजी करत बसलेलं.

वानरांवर उपाय नाही. फटाके, आरसे, जुन्या साड्या, सगळं करून झालं. ती मिरची, हळद आणि आल्याला हात लावत नाहीत, म्हणून ते कडेला लावतो. बाकी जे जातं ते जातं.

आता बियाण्याचं. सरकारी योजना पुष्कळ आहेत. 2018 पासून सप्टेंबरात पोषण माह असतो, अंगणवाडीत पोषण वाटिका लावतात. शाळांसाठीही पोषण बागेच्या सूचना आहेत. नारखेड माझं माहेर. तिथल्या बचत गटांतल्या बायांनी महाराष्ट्राच्या उमेद अभियानातून परसबागा केल्या. आमच्या मध्य प्रदेशात 2025 पासून बचत गटांतल्या बायांच्या शेतात फळझाडं लावून देणारी 'एक बगिया माँ के नाम' आली. चांगलंच आहे. पण भाजीच्या बागांत मी एक बघत आले: पहिल्या वर्षी बियाण्याच्या पुड्या मिळतात, फोटो निघतात, हिरवंगार दिसतं. दुसऱ्या वर्षी पुडी आली नाही की बाग नाही. पुडीत बहुधा संकरित बी असतं. त्याचं पहिलं पीक एकसारखं आणि भरघोस येतं. त्यातलंच बी धरून पुन्हा लावलं तर एक झाड उंच, एक बुटकं, एकाला फळ, एक नुसतंच पानाळ. आजी याला म्हणतात, "त्या पुडीतल्या बियाचं लेकरू मायबापावर जातच नाई." म्हणून मी कुणाचीही बाग बघायला गेले तर पहिल्या वर्षी काही बोलत नाही. दुसऱ्या पावसाळ्यात बी कुठून आणलं, ते विचारते.

आम्ही गावठी बी जमवलं ते घरांघरांतून, कुठं मडक्यात राखेत ठेवलेलं, कुठं छपराला टांगलेली वाळकी लवकी. चक्कीतून हा देवाणघेवाणीचा कारभार चालतो, पण बी चक्कीत ठेवत नाही. पिठाच्या धुळीनं सोंडे होतात. बी धरायचीही रीत आहे. पहिली चांगली फळं खायची नाहीत, ती बियाला राखायची. यावरही भांडण होतं, कारण पहिलं फळ खायची हौस सगळ्यांना. भेदऱ्याचं बी गरासकट दोन-तीन दिवस पाण्यात आंबवायचं, मग बियांवरचा चिकट पापुद्रा सुटतो. धुऊन सावलीत वाळवायचं. कोहळ्याच्या दोन जाती जवळजवळ लावायच्या नाहीत, मधमाश्या परागांची सरमिसळ करतात आणि पुढच्या वर्षी तिसरंच काही निघतं. वांगं, पोपटी, चवळी यांची सरमिसळ कमी होते, ती सोपी.

हे काम देशाला दाखवलं ते अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी. शाळेत न गेलेली महादेव कोळी समाजाची बाई. घरात गावठी वाणांचं बी जपत गेली, बाएफ संस्थेची साथ मिळाली, आणि घरचा साठा बियाणे बँकेपर्यंत पोचला. 2020 मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली, त्याआधीच लोक त्यांना बीजमाता म्हणू लागले होते. त्यांच्या कामातली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट पुरस्कारांची नाही, देण्याच्या अटीची: बी न्या, पण पीक आलं की दुप्पट परत करा. आम्ही तीच अट वहीत लिहिली. कुणी चवळीची मूठ नेली की नाव, तारीख, मूठ. परत आली की दोन मुठी. न आणणारीचं नाव खोडत नाही, तसंच ठेवतो. चक्कीत डबा घेऊन आली की तिला ते दिसतं. एवढं पुरतं.

राहता राहिली जागा. पडीक जागेवर लोकांनी बाग करायची आणि मग जागेला भाव आल्यावर मालकाला ती आठवायची, हे मोहगावातच घडतं असं नाही. अमेरिकेत न्यूयॉर्कच्या बावरी भागात 1973 साली लिझ ख्रिस्ती आणि तिच्या सोबत्यांनी कचऱ्यानं भरलेला एक कोपरा साफ करून बाग केली. पुढच्या वर्षी महापालिकेनं ती महिना एक डॉलर भाड्यानं त्यांना दिली. बघता बघता शहरभर अशा शेकडो बागा झाल्या. 1999 मध्ये महापालिकेनं त्यांतल्या शंभरावर बागांच्या जागा लिलावात काढल्या. लोक रस्त्यावर आले आणि शेवटी काही संस्थांनी पैसे जमवून त्या जागा विकत घेतल्या, तेव्हा बागा वाचल्या. आमच्यासाठी कुणी लिलावात बोली लावणार नाही.

नागपूरहून मालकांचा फोन आला. मुलाला इथं घर बांधायचंय, दिवाळीनंतर पाया खोदतील. त्यांनी जागा तोंडी दिली, तोंडी परत मागितली, शब्दाला ते जागले. पण एका ताईनं बैठकीत विचारलं, "जागा त्याइची, हाव. पण माती कोणाची?" यावर कुणी हसलं नाही. जी माती आम्ही तिथं पहिल्यांदा बघितली ती भिंतीची होती. वाफ्यांतली हातभर माती बारा घरांच्या शेणाची, कुटाराची, कोंड्याची. मालकांना विचारलं तर म्हणाले, न्या, मला तरी पाया खोदताना फेकावीच लागणार. मग अंदाज काढला: ट्रॅक्टरच्या तीन-चार ट्रॉल्या भरतील. ट्रॅक्टर एकीच्या दिराचा आहे, डिझेल आमचं.

कुठं न्यायची, हा वाद या घडीला चालू आहे. एक जागा अंगणवाडीजवळची, पाणी आहे पण कुंपण नाही, शेळ्या दोन दिवसांत सफाचट करतील. दुसरी एका सदस्येच्या घरामागची, कुंपण आहे पण जागा निम्मी, आणि खाजगी जागा म्हटलं की उद्या पुन्हा हेच. मी अंगणवाडीच्या बाजूनं आहे. पोरांच्या खिचडीत पालक जाईल आणि उन्हाळ्याच्या सुटीत पाणी घालायला आम्ही आहोतच. आजींचं म्हणणं, कुंपणाला पऱ्हाटी लावा, फुकट आहे. पऱ्हाटी नको, हे त्यांना बोंडअळीचं सगळं पुराण सांगून पटलं नाही, मी सांगितलं म्हणून ऐकलं. तारेच्या जाळीचा भाव काढायला माझा पोरगा सौंसरला गेलाय. येताना चक्कीचा पट्टाही आणायला सांगितलाय, जुना घसरायला लागलाय.